देशपांडे आडनावाचे लेखक-कलाकार : कोण कुणाचं कोण?

कागदी_होडी

मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची प्रश्नमंजुषा यंदा माझ्या गळ्यात पडलीये. थीम ठरली 'एक आडनाव', म्हणजे एकच आडनाव घ्यायचं आणि त्या आडनावाचे लेखक, गायक, नाटकवाले यांच्यावर प्रश्न काढायचे. आधी कुलकर्णी ठरत होतं, पण जीए, दोन दोन सोनाली, अतुल, सलील हे सगळ्यांना तोंडपाठ, त्यात काय मजा. जोशी म्हटलं तर अर्धी कमिटीच जोशी आहे, जो तो आपापला आतेभाऊ घुसवणार. म्हणून मग देशपांडे.

तर पहिल्याच मीटिंगला वाद. एक ज्येष्ठ काका छातीठोकपणे म्हणाले की पुल आणि वसंतराव चुलतभाऊ, त्यांनी म्हणे स्वतः कुठेतरी ऐकलंय. दुसऱ्या एक ताई म्हणाल्या गौरी देशपांडे पुलंच्याच घरातल्या कुणीतरी लागतात. तिसऱ्यांनी तर शशी देशपांडेंना गौरीची बहीण करून टाकलं. मला ठामपणे काहीच बोलता येईना, चहा झाला आणि मीटिंग संपली.

जाणकारांनी प्लीज सांगा, यातलं खरं नातं कुणाचं आणि नुसतं आडनाव कुणाचं? आणि नुसती नावांची यादी नकोय हं, ती शोधली की मलाही मिळते. एकाचा धागा दुसऱ्याला कुठे लागतो असं काही असेल तर सांगा, प्रश्न त्यातूनच चांगले निघतात.

दुपारची_झोप

काकांना माझा नमस्कार सांगा पण नाही, पुल आणि वसंतराव यांचं रक्ताचं नातं काही नाही. होती ती दोस्ती, आणि ती एवढी घट्ट की लोक आपले भाऊच समजतात. पुल मुंबईचे, जन्म ८ नोव्हेंबर १९१९, आईचे वडील वामन मंगेश दुभाषी म्हणजे 'ऋग्वेदी' नावाने लिहायचे ते. वसंतराव २ मे १९२० चे, जन्म तिकडे अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूरला, वाढले नागपुरात, गाण्याची सुरुवात तिथल्याच शंकरराव सप्र्यांकडे. एक अरबी समुद्राकडचा आणि एक वऱ्हाडातला, कसले चुलतभाऊ.

खरी नाती हवी असतील तर ही घ्या. वसंतराव आणि राहुल देशपांडे आजोबा-नातू, हे सगळ्यांना माहितीये कारण २०२२ च्या 'मी वसंतराव'मध्ये राहुलनेच आजोबांचं काम केलंय. वामनराव देशपांडे आणि सत्यशील देशपांडे हे बाप-लेक, हे मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. वामनराव म्हणजे 'घरंदाज गायकी' लिहिणारे. सत्यशील कुमार गंधर्वांचे शिष्य. यात गंमत अशी की वामनराव पेशाने चार्टर्ड अकाउंटंट, आणि वसंतरावांनीही बरीच वर्षं नोकरी केली ती मिलिटरी अकाउंट्समध्ये, आणि देशपांडे हे मुळात परगण्याचं दफ्तर आणि हिशेब सांभाळणाऱ्यांचं वतन! म्हणजे वतन गेलं, जमिनी गेल्या, पण वह्या काही सुटल्या नाहीत. १९६७ ला 'कट्यार काळजात घुसली'तला खाँसाहेब रंगवणारा माणूस त्याआधी वर्षानुवर्षं सरकारी कागद खालीवर करत होता हे मला अजून पचत नाही.

आणि एक कठीण प्रश्न देऊन ठेवतो. साहित्य अकादमी मिळालेले पुरुषोत्तम देशपांडे कोण? सगळे ओरडतील पुल. पुलंना मिळालं ते १९६५ ला, 'व्यक्ति आणि वल्ली'साठी. त्याच्या तीनच वर्षं आधी, १९६२ ला, दुसऱ्या पुरुषोत्तम देशपांड्यांना मिळालं होतं, पुरुषोत्तम यशवंत म्हणजे पु. य., पुस्तक 'अनामिकाची चिंतनिका'. हे नागपूरचे, १९२७ साली 'बंधनाच्या पलीकडे' ही कादंबरी लिहून त्यांनी बराच गदारोळ उठवून दिला होता. भूदानात विनोबांबरोबर चाललेल्या आणि नंतर राज्यसभेत गेलेल्या निर्मला देशपांडे या त्यांच्या कन्या. जुन्या लायब्ररीत 'पु. देशपांडे' एवढंच लिहिलेलं कार्ड असलं की कुठला पु. हे पुस्तक हातात आल्यावरच कळायचं, आणि हसायच्या तयारीने घरी नेलेलं पुस्तक तत्त्वज्ञानाचं निघालं तर संध्याकाळ गेलीच.

वऱ्हाडी_ठेचा

राजेहो, मूर्तिजापूरचं नाव निघालं अन् म्या गप बसू काय!

वसंतराव आमचे हे तं वरती आलंच. पण अजून एक देशपांडे आमच्याच गावचे हायेत अन् त्यांचं नाव कोणी घेतलं नाही. आत्माराम रावजी देशपांडे. नाही ओळखलं ना? कवी अनिल हो. जन्म १९०१ चा, मूर्तिजापूरचाच. अकोल्याहून बडनेऱ्याकडे गाडी निघाली का मधात लागते ते टेसन, जिथून आमची शकुंतला सुटे, एका अंगाला यवतमाळ अन् दुसऱ्या अंगाला अचलपूर, आता बंद पडली बिचारी. एवढ्याशा गावातून एक मुक्तछंदवाला कवी निघाला अन् १९ वर्षांनी एक असा गवई निघाला, दोघंही देशपांडे, अन् लोक आमचं नाव घेतात ते फक्त गाडी बदलायले.

आता खरी गंमत आयका. 'कुणी जाल का, सांगाल का' हे गाणं तुम्ही सगळ्यांनी ऐकलंच असंन. शब्द कोणाचे? अनिलांचे. गळा कोणाचा? वसंतरावांचा. चाल यशवंत देवांची. म्हणजे मूर्तिजापूरच्या एका देशपांड्यानं लिहिलं अन् दुसऱ्यानं गायलं. बरं, कविता काय म्हणते? कोणीतरी जाऊन त्या कोकिळेले सांगा का बाई रात्री तरी गाऊ नको, गळा खुलवू नको, ऐकवत नाही. अन् हे सांगाले लावलं कोणाले, तं वसंतरावांले! 'गाऊ नको' एवढंच सांगाचं, पण हा माणूस ते असं आळवते का कोकिळेनंच लाजून उठून जावं. हेडफोन लावून आयका एकदा, 'कुणी' या शब्दावरच कशी हाक मारते ते पाहा, जसं खरंच अंधारात कोणी जाताना दिसलं अन् त्याले थांबवलं.

हा प्रश्न तं मंडळात घ्याच, अन् उत्तर कोणाले नाही आलं तं बक्षीस इकडं धाडून द्या.

कागदी_होडी

अहो काय सांगता! हे गाणं लहानपणापासून ऐकतेय पण कवी अनिल हे देशपांडे हेच डोक्यात नव्हतं, मला वाटायचं अनिल हेच नाव आणि आडनाव पुढे काहीतरी असेल. हा प्रश्न फायनल. बक्षीस म्हणजे स्टीलचा डबा आहे, चालेल का?

गौरी आणि शशीचं कुणी सांगेल का पण?

माहेर_सासर_टोल

मी सांगते, आणि जरा लांब होईल, कारण हा विषय माझ्या मनात फार दिवस घोळतोय.

मराठीत 'देशपांडे' या नावाला जो साहित्यातला दबदबा आहे त्यातला निम्मा तरी अशा बायकांनी कमावलाय ज्या देशपांडे म्हणून जन्मल्याच नव्हत्या. वर निर्मलाताई सोडल्या तर आजोबा-नातू, बाप-लेक अशी नाती झाली, ती सगळी पुरुषांची. आता बायकांकडे या. सुनीताबाई, माहेरच्या ठाकूर, रत्नागिरीच्या. कुसुमावती देशपांडे, माहेरच्या जयवंत, अमरावतीच्या. गौरी देशपांडे, माहेरच्या कर्वे, इरावतीबाईंची मुलगी आणि महर्षी कर्व्यांची नात. सुलभा देशपांडे, माहेरच्या कामेरकर. शशी देशपांडे या तर कानडी नाटककार श्रीरंग यांच्या कन्या, जन्म धारवाडचा. म्हणजे आमच्याकडे वाडवडिलांपासून वाङ्मय आहे असं कुणी देशपांडे म्हणायला लागला ना, तर त्याला म्हणावं बाबा रे, ते तुमच्या सुनांनी आणलंय.

त्यामुळे तुमच्या मीटिंगमधल्या दोन्ही ताईंचं चूक. गौरी पुलंच्या घरातली नाही आणि शशी गौरीची बहीण नाही. गौरीच्या बहिणीचं नाव जाई निंबकर, त्याही लेखिका. पण मजा पुढे आहे. नातं नसलं तरी या तिघींना बांधणारा एक धागा आहे आणि तो आडनावापेक्षा चिवट आहे. सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' आलं १९९० ला, त्यावर घराघरात काय भांडणं झाली ते आमच्या पिढीला विचारा, पुलंबद्दल असं लिहायचंच कशाला इथपासून ते बाईंनी हिमतीने लिहिलं इथपर्यंत. त्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर केलं गौरीने, 'अँड पाइन फॉर व्हॉट इज नॉट' या नावाने. आणि गौरीची 'निरगाठी' इंग्रजीत नेली ती शशी देशपांडेंनी, 'डिलिव्हरन्स' या नावाने. म्हणजे एका देशपांडे बाईचं दुसरीने केलं आणि दुसरीचं तिसरीने! तिघींत कुणी कुणाची जाऊ नाही, नणंद नाही, वहिनी नाही. आणि तिघीही बाईने घरात राहून काय काय गिळलं याबद्दलच लिहिणाऱ्या. हे तुम्ही साखळी-प्रश्न म्हणून विचारा, मी तर म्हणेन शेवटच्या फेरीला ठेवा.

गौरीबद्दल आणखी एक, लोकांना वाटतं ती फक्त मोकळ्याढाकळ्या बायकांच्या कादंबऱ्या लिहायची. तिने बर्टनच्या अरेबियन नाइट्सचे १६ खंड मराठीत आणलेत. सोळा! मी दोन वाचून दमले. इंग्रजीत कविताही होत्याच.

आणि कुसुमावतींना विसरू नका हो, त्यांना सगळेच विसरतात. कवी अनिलांच्या पत्नी एवढीच ओळख राहते. नागपूरला इंग्रजी शिकवायच्या, 'पासंग'मधली समीक्षा आजही ताजी वाटते, आणि अखिल भारतीय साहित्य संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष त्याच, १९६१, ग्वाल्हेर. त्याच्या तीन वर्षं आधी, १९५८ ला मालवणला, अध्यक्ष होते अनिल. म्हणजे नवरा-बायको दोघंही संमेलनाध्यक्ष. आणि ग्वाल्हेरच्या त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कुसुमावती गेल्या. त्यानंतर पुढची बाई अध्यक्ष व्हायला १९७५ उजाडलं, कऱ्हाडला दुर्गाबाई भागवत. दोघांची लग्नाआधीची पत्रं 'कुसुमानिल' नावाने छापलीयेत, ती मिळाली तर सोडू नका, त्या काळात एवढं मोकळं कुणी लिहीत असेल असं वाटत नाही.

पेढा_धारवाडी

शशी देशपांड्यांचं निघालं म्हणून दोन ओळी. आमच्या हुबळी-धारवाड-विजापूर भागात देशपांडे ढिगाने आहेत, घरात कन्नड बोलणारे, मराठी समजणारे, आणि महाराष्ट्रात गेलं की लगेच कुणीतरी विचारतं, पुण्यात कुठे? शशीताई तर लिहितात इंग्रजीत. त्यांच्या 'दॅट लाँग सायलेन्स'ला १९९० चं साहित्य अकादमी मिळालं ते इंग्रजी विभागात. म्हणजे वर ज्यांनी पु. य., पु. ल. असं अकादमीचं गणित मांडलं त्यात अनिलांचं १९७७ चं 'दशपदी'साठीचं धरा आणि हेही धरा, चार झाले. वडिलांचं काही लेखनही त्यांनी कन्नडमधून इंग्रजीत आणलंय. तेव्हा मराठी मंडळाने त्यांना 'आपल्या' म्हणताना जरा जपून, धारवाडवाले रागावतात.

छबिलदास_जिना

नाटकवाल्यांना कुणी वालीच नाही का इथे.

सुलभाताईंचं नुसतं माहेर सांगून सोडून दिलंत! विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे', रंगायन ही नाट्यसंस्था, १९६७, दिग्दर्शन अरविंद देशपांडे, बेणारेबाई सुलभा देशपांडे. नवरा दिग्दर्शक आणि बायको त्या नाटकात आरोपीच्या पिंजऱ्यात. आणि सुलभाताई खऱ्या आयुष्यातही बेणारेबाईंसारख्या शाळेत शिकवायच्या, दादरच्या छबिलदासमध्ये. पुढे रंगायन फुटली, 'आविष्कार' निघाली, आणि त्याच शाळेच्या हॉलमध्ये नाटकं व्हायला लागली, तीच ती छबिलदास चळवळ. दादर स्टेशनच्या गर्दीतून वाट काढत जिना चढायचा, वर घाम, पंख्याची घरघर, बाहेरून भाजीवाल्यांचा आरडाओरडा, आणि समोर हाताच्या अंतरावर नट. आत्ताच्या एसीत बसून ते कळायचं नाही.

गो. पु. देशपांडे पण घ्या यादीत. जेएनयूत चीन शिकवायचे आणि मराठीत राजकीय नाटकं लिहायचे. 'उद्ध्वस्त धर्मशाळा', लागूंनी केलेलं. विद्यापीठ एका डाव्या प्राध्यापकाची चौकशी करतं, सगळं नाटक त्या चौकशीच्या टेबलाभोवती. आणि त्या प्राध्यापकाचं नाव काय, श्रीधर विश्वनाथ कुलकर्णी. देशपांड्याने चौकशीला बसवला कुलकर्णी! ज्यांना विनोद कळायचा त्यांना कळेल.

मकरंद देशपांडे आणि मृण्मयी-गौतमी या बहिणी पोरांना माहीत असतात, त्या सोप्या फेरीला टाका.

अक्षर_शत्रू

मस्त चाललंय पण एक कुरबुर करतो. आडनावांचा खेळ म्हटला की कुलकर्णी, जोशी, देशपांडे. दर वेळी. तुमच्याच पोस्टमध्ये तीन ऑप्शन होते आणि तिन्ही एकाच आळीतले. कांबळे हे आडनाव काय कमी आहे का? महाराष्ट्रात कुठल्याही शाळेच्या हजेरीपटात बघा. आणि लेखक? घ्या.

शांताबाई कांबळे, 'माज्या जल्माची चित्तरकथा'. बेबीताई कांबळे, 'जिणं आमुचं'. दलित बायकांची सुरुवातीची आत्मकथनं म्हटली की ही दोन नावं आधी येतात, दोन्ही पुस्तकं १९८६ ची, दोघींचं आडनाव एक आणि दोघी एकमेकींच्या कुणीही नाहीत. हा प्रश्न तुमच्या पुल-वसंतरावांपेक्षा कठीण आहे, कारण इथे भले भले पुस्तकांची अदलाबदल करतात, समीक्षेचे लेख लिहिणारे सुद्धा. फरक सांगतो म्हणजे विसरायला नको. शांताबाई शिक्षिका होत्या, त्यांच्या पुस्तकावरून दूरदर्शनवर 'नाजुका' मालिका आली होती. दलित पँथरमधले कवी अरुण कांबळे त्यांचे चिरंजीव, म्हणजे इथे आई-मुलगा असं खरं नातंही मिळतंय तुम्हाला. बेबीताई फलटणच्या. घरचं छोटं दुकान चालवायच्या, गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसून लिहायच्या, सामान बांधायला आणलेल्या रद्दीवर सुद्धा, आणि घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून लपवून ठेवायच्या. वर्षानुवर्षं. वर ताई म्हणाल्या ना, बाईने घरात राहून काय गिळलं, तर ते इथे बघा, आणि घराबाहेर काय गिळलं तेही याच पुस्तकात आहे. 'जिणं आमुचं' इंग्रजीत नेलं माया पंडितांनी. तिसरे उत्तम कांबळे, संपादक, कादंबरीकार, २०१० च्या ठाणे संमेलनाचे अध्यक्ष.

देशपांड्यांवर राग नाही, वसंतराव माझाही जीव. पण एका फेरीला कांबळे घ्या, बघू हॉलमध्ये किती हात वर होतात.

कागदी_होडी

घेते. कमिटीला विचारत बसत नाही, सरळ दोन आडनावं करते, पहिला अर्धा भाग देशपांडे आणि दुसरा कांबळे. फक्त दोन्ही भागांना जोडणारा एखादा प्रश्न असता तर मध्यंतरानंतर गाडी रुळावर आली असती.

माहेर_सासर_टोल

आहे की! फलटण.

बेबीताई फलटणच्या हे वर आलंच. गौरी देशपांडे फलटणजवळच्या विंचुर्णीला राहायची, त्यावरच तिचं 'विंचुर्णीचे धडे' आहे, विहीर, गाई, गडीमाणसं, पाऊस येतो की नाही हे सगळं. तिची बहीण जाई निंबकर फलटणलाच. आणि बेबीताईंची लपवलेली पानं बाहेर आली ती मॅक्सीन बर्नसन यांच्यामुळे, अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सीनमावशी, त्यांनीच बाईंना छापायला लावलं, आधी 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं आणि मग पुस्तक. एकाच तालुक्यात एक देशपांडे आणि एक कांबळे लिहीत होत्या, एक इंग्रजीची प्राध्यापक आणि दुसरी दुकानात बसून रद्दीवर. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचा, आधी 'जिणं आमुचं' आणि मग 'विंचुर्णीचे धडे', उलट क्रमाने नको.

वऱ्हाडी_ठेचा

म्हणजे फलटणले दोन अन् मूर्तिजापूरले दोन, बरोबरीत सुटलं. डब्याचं काय झालं पण?